आधी पान उलटा

गुरुवारी अक्कलकोटात नाकानं रस्ता सापडतो. वटवृक्ष मंदिराच्या बाजूला उदबत्ती, शेवंती आणि पेढे. अन्नछत्राच्या बाजूला आमटी-भाताची वाफ. एसटी स्टँडकडं डिझेल आणि भजी. आणि दिवस कलताना लसणाच्या नात्यातला, कडवट, घशाला चिकटून बसणारा वास ज्या गल्लीतून निघतो, ती आमची गल्ली. परगावचे भाविक नाकाला रुमाल लावून विचारतात, "गटार तुंबलंय का हो?" गटार ठीक असतं. आण्णा फवारायला निघालेले असतात.

आण्णांचं नाव सांगायची गरज नाही. तुमच्याही ओळखीत ते आहेत, फक्त तिथं त्यांना काका, अप्पा किंवा भाऊ म्हणत असतील. पुण्यात ते गच्चीवर कुंड्या मांडतात, कोकणात माडाच्या आळ्यात उकिडवे बसलेले सापडतात. बाटली मात्र सगळ्यांच्या हातात एकच: निंबतेलाची. आमचे आण्णा एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी अक्कलकोट–सोलापूर, अक्कलकोट–गाणगापूर, अक्कलकोट–तुळजापूर अशी उभ्यानंच गेली. मग तिकिटाचा पंच हातातून सुटला आणि दोन लिटरचा फवारणीचा पंप हातात आला. घरापुढं मोजकी जागा. तीत जास्वंद, कढीपत्ता, लिंबू, थोडी वांगी, एक मिरची, वृंदावनातली तुळस आणि कंपाउंडवर चढलेला मोगरा. एवढ्या जागेत आण्णा अजूनही गाडीतच असतात. शेवटच्या झाडापासून सुरुवात करतात, एकेकाला तपासत पुढं सरकतात. "विनातिकीट माणूस कधी पुढच्या शीटवर बसत नाही," हे त्यांचं नोकरीतलं निरीक्षण. मावासुद्धा पानाच्या पाठीमागंच असतो, हे निवृत्तीनंतरचं.

त्यातूनच त्यांचं बोधवाक्य तयार झालं: "आधी पान उलटा."

कुणी विचारावं, "आण्णा, वांग्याला काय मारू?" उत्तर: "आधी पान उलटा." कुणी म्हणावं, "गुलाब गळपटलाय बघा." "पान उलटलंव का?" पुढं पुढं हे झाडांपुरतं राहिलं नाही. शेजारच्या मावशींनी मुलीसाठी आलेल्या स्थळाचं कौतुक चालवलं होतं: मुलगा पुण्याला, घर स्वतःचं, माणसं देवभोळी. आण्णा शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "समदं खरं. पण आधी पान उलटा." मावशींनी खरंच चौकशी केली. घर भाड्याचं निघालं. तेव्हापासून गल्लीत स्थळं, जमिनी, जुन्या मोटारसायकली, निवडणुकीतले उमेदवार, सगळ्यांची पानं उलटली जातात.

त्यांचं दुसरं वाक्य जरा अवघड आहे. "मारायचं नाही, कंटाळवायचं." कीटकनाशक घेऊन कीड मारायची नाही म्हणजे काय, असा प्रश्न पडलेल्याला आण्णा बाकड्यावर बसवतात. निंबोळीत अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. ते अंगात गेलं की किड्याची अन्नावरची वासना उडते. शिवाय त्याची कात टाकायची वेळ चुकते. जुनी कातडी निघत नाही, नवी येत नाही, आणि तो आहे त्या वयात अडकतो. "पासिंग होत नाही, गाडी डेपोतच," आण्णा समजावतात. तेलाचं काम वेगळं. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण असल्या मऊ अंगाच्या किडीवर तेलाचा पातळ थर बसला की तिची श्वासाची छिद्रं बुजतात. "म्हंजे मारलंच की ओ," असं कुणी म्हटलं तर आण्णांना वाईट वाटतं. "जरा गुदमरतात," एवढंच ते मान्य करतात.

या माणसाच्या सबुरीचं मला नवल वाटतं, कारण ती फक्त पानांपुरती आहे. रिक्षा यायला जरा वेळ झाला की आण्णा रिक्षावाल्याच्या सासुरवाडीपर्यंत जातात. कुकरची तिसरी शिट्टी लांबली तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. पण फवारलेल्या झाडावरचा मावा दुसऱ्या दिवशी तसाच दिसला तर म्हणतात, "राहू दे की. घाई काय हाय? भूक मेलीय त्याची. बघा, तोंड पाडून बसलाय." मी भिंगातून पाहिलं आहे. माव्याचं तोंड पडलेलं आहे की नेहमीचंच तसं आहे, हे मला ओळखता येत नाही.

भिंग त्यांच्या पिशवीत असतं. वाहकाच्या थैलीसारखीच एक चामड्याची पिशवी फवारणीच्या वेळी खांद्याला असते. तीत भिंग, साबणाचा तुकडा, दात घासायचा जुना ब्रश, खोकल्याच्या औषधाचं माप आणि एक वही. वही हे त्यांचं वेबिल. तारीख, झाड, कीड, तेल किती मिली, शेरा. शेरे वाचण्यालायक आहेत. "जास्वंद. पिठ्या ढेकूण. मागील बाजूस गर्दी." "मिरची. फुलकिडे. उभे प्रवासी बरेच." "गुलाब. लाल कोळी. मार्गात पाऊस, फेरी रद्द." एका पानावर नुसतं लिहिलं आहे, "वांगी. तपासणी. कोणी नाही," आणि खाली समाधानाची सही.

खरा हंगाम सुरू होतो तो जून-जुलैत, निंबोळी पिकली की. मैंदर्गीच्या रस्त्याकडची कडुनिंबाची झाडं खाली पिवळा सडा टाकतात. आण्णा सकाळीच पोतं घेऊन निघतात. सोबत गल्लीतली पोरं, चिक्कीच्या बोलीवर. "काळी पडलेली नको, बुरशी आलेली नको, किडकी नको," हा नियम एकदा सांगून होत नाही. प्रत्येक मुठीला सांगावा लागतो. मग घरी आणून गर चोळून काढायचा, बी धुवायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात नाही. उन्हानं अझाडिरॅक्टिनचा जोर जातो. सोलापूर जिल्ह्यात सावली ही फार मोलाची चीज आहे, आणि आण्णांच्या घरात सर्वांत चांगली सावली बैठकीच्या खोलीत पंख्याखाली आहे. त्यामुळं निंबोळीच्या दिवसांत काकूंची बैठकीची खोली बंद. पाहुणे स्वयंपाकघरात बसतात. एकदा व्याही-विहीण आले, तर विहीणबाईंना पिठाच्या डब्यावर बसावं लागलं. काकूंनी ते अजून विसरलेलं नाही. विहीणबाईंनीही नाही.

पहिल्या वर्षी आण्णांना घरचंच तेल काढायची हौस आली होती. आपल्याकडं करडई आणि शेंगा; लाकडी घाण्याचं तेल घेणारी माणसं अजून आहेत. आण्णा पोतं घेऊन एका घाण्यावर गेले. मालकानं पोत्यात हात घातला, वास घेतला आणि हात जोडले. "ब्याडरी आण्णा, ब्याड. ही एकदा माझ्या घाण्यात फिरली की गाव वर्षभर माझ्या नावानं कडू जेवंल." आमच्याकडं निम्मं भांडण मराठीत आणि निम्मं कानडीत होतं, त्यामुळं ते कधी विकोपाला जात नाही. "ब्याड तर ब्याड," म्हणून आण्णा परतले. जाता जाता करडईचं तेल मात्र घेतलं.

तेव्हापासून तेल दुकानातून आणि अर्क घरचा. अर्काचं प्रमाण शेतकऱ्यांना पाठच असतं: पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळायची, दोनशे ग्रॅम साबणाचं पाणी घालायचं आणि सगळं मिळून शंभर लिटर करायचं. हा पाच टक्के निंबोळी अर्क. घरच्या झाडांना लिटरला पन्नास ग्रॅम भरड पुरते. आण्णांचा वाद प्रमाणाशी कधीच होत नाही, गाळण्याशी होतो. अर्क नीट गाळला नाही तर पंपाचं तोंड तुंबतं. जाड फडकं चालत नाही, जाळी चालत नाही. चालतं ते एकच मलमलीचं फडकं, ज्यात काकू श्रीखंडासाठी चक्का टांगतात. पाडव्याला कडुनिंब खायचा असतो हे खरं, पण तो श्रीखंडातून नव्हे, हे काकूंनी एका पाडव्याला पंक्तीतच जाहीर केलं. आता फडकी दोन आहेत. एकावर लाल दोऱ्यानं "मा" विणलेलं आहे आणि दुसऱ्यावर "झा". माणसं आणि झाडं.

दुकानाचं प्रकरण निराळं. कृषी सेवा केंद्रात पेरणीच्या दिवसांत श्वास घ्यायला जागा नसते. तुरीचं बियाणं, सोयाबीनचं बियाणं, खताची पोती, आणि त्या गर्दीत आण्णा काउंटरवर कोपर टेकवून विचारतात, "पीपीएम किती?" कच्चं निंबतेल वेगळं आणि अझाडिरॅक्टिनचं तयार औषध वेगळं, तयारमध्ये 300, 1500, 3000, 10000 अशी ताकद असते आणि ताकदीप्रमाणं माप बदलतं, हे ते रांगेतल्या सर्वांना सांगतात. दुकानदार कपाळाला हात लावतो. "आण्णा, तुम्हाला पाहिजे शंभर मिली. मागं उभारल्याला चार एकराचं न्यायचंय." पण मागं उभा असलेला चार एकरवाला ऐकण्यात गुंगलेला असतो. असाच एक डाळिंबवाला शेतकरी एकदा म्हणाला, "आण्णा, तेल्याला चालंल का हे?" आम्हाला वाटलं, आता आण्णा बाटलीच हातात देणार. आण्णा म्हणाले, "नाही. तेल्या म्हंजे जिवाणू. किडा नव्हं तो. तेलानं नाही जायचा. सोलापुरात केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय केंद्र हाय, तिथं जाऊन विचारा." आण्णांच्या तोंडून "नाही" ऐकायला मिळालं, त्या दिवशी दुकानदारानं त्यांना चहा पाजला. आपलं औषध कुठं चालत नाही हे सांगणारा माणूस त्याच्याही दुकानात रोज येत नसावा.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे सर्वांना माहीत आहे. पण आण्णांना ते दर आठवड्याला नव्यानं सिद्ध करावं लागतं. लिटरभर पाण्याला पाच मिली तेल. आधी साबण कोमट पाण्यात विरघळवायचा, त्यात तेल घोटायचं, मग ते बाकीच्या पाण्यात सोडायचं. मिश्रण दुधाळ पांढरं झालं पाहिजे. वर पिवळे डोळे तरंगले तर समजायचं, बिघडलं. आमच्याकडं ते हमखास बिघडतं, कारण बोअरचं पाणी. त्यातल्या क्षारांपुढं साबणाला फेस येत नाही, तेल फुटून वर येतं, आणि पंपातून आधी नुसतं पाणी आणि शेवटी नुसतं तेल उडतं. ज्या झाडावर शेवटचं तेल पडतं, त्याची पानं दुसऱ्या दिवशीच्या उन्हात भाजून निघतात. म्हणून आण्णा फवारणीला नळाचं पाणी वापरतात. आता आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. आलं की घरोघरी पिंपं, हंडे, बादल्या, पातेली सगळं भरून ठेवायची धांदल. त्या धांदलीत आण्णांचे दोन कॅन आधी भरले जातात. काकू गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "बघा ओ! माणसं बोअरच्या पाण्यानं न्हायलीत आणि मावा नळाच्या पाण्यानं न्हातोय!"

फवारणीची वेळ ठरलेली: ऊन उतरल्यावर. याला आण्णांकडं तीन कारणं आहेत. उन्हात अझाडिरॅक्टिन लवकर विरतं. तेल लागलेलं पान उन्हात भाजतं. आणि संध्याकाळी मधमाश्या घरी गेलेल्या असतात. चौथं कारण ते सांगत नाहीत, ते मी सांगतो. त्या वेळी सगळी गल्ली दारात बसलेली असते आणि प्रेक्षक मिळतात. फवारणी सुरू होण्याआधी आण्णा एकदा मोठ्यानं म्हणतात, "चला, कपडे काढा!" नवीन सून असलेल्या घरात यानं पहिल्यांदा गोंधळ होतो. त्यांना दोरीवरचे वाळत घातलेले कपडे म्हणायचं असतं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे सदरे पुढचे दोन धुवे निंबाळलेले राहतात. मग खालून वर पंपाचा झोत, पानाच्या पाठीवर, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत. झाड संपलं की पंपाच्या दांड्यावर बोटानं टकटक. डबल बेल. पुढचं झाड.

तुळशीशी मात्र त्यांचं जमत नाही. तुळशीला किडे लागतात, पानं वाकडी होतात, आणि आण्णांचा हात पंपाकडं जातो. काकू वृंदावनापुढं उभ्या राहतात. तीर्थात टाकायच्या पानांना हे तेल लागलं तर देव तोंड वाकडं करील, हा त्यांचा मुद्दा. आण्णांचं म्हणणं, देवाला कडू चालतं. यावर दोघांत झालेला तह असा: तुळशीची पानं आण्णांनी रोज ओल्या फडक्यानं पुसायची. हाताने. दोन्ही बाजूंनी. फडकं "मा" की "झा" याचा निकाल अजून लागलेला नाही.

गुरुवारी आणि पौर्णिमेला गल्लीत परगावच्या गाड्या लागतात. दर्शन झालेलं असतं, प्रसाद झालेला असतो, ड्रायव्हर जेवायला गेलेला असतो, आणि मंडळी सावलीला आण्णांच्या कट्ट्यावर टेकतात. त्यांना वाटतं, म्हातारबा आता स्वामी समर्थांची एखादी जुनी आठवण सांगतील. आण्णा सुरू करतात ते 1959 सालापासून, तेही सुदानातून. तिथं टोळधाड आली होती. सगळं हिरवं टोळांनी खाऊन टाकलं आणि कडुनिंब तेवढा राहिला, हे हाइनरिख श्मुटरर नावाच्या जर्मन कीटकतज्ज्ञानं पाहिलं. "झाड आपलं, बघणारा जर्मन," असं म्हणून आण्णा थांबतात, आणि भाविकांपैकी कुणीतरी हळहळतो. मग त्याला धीर देत 1962 येतं: दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचं पाणी पिकावर फवारलं. टोळ आले, बसले, आणि न खाता उठून गेले. "टोळासारखा टोळ! उपाशी!"

एवढ्यात ड्रायव्हर येतो. पण आण्णांची गाडी आता म्युनिकला पोचलेली असते. युरोपच्या पेटंट कार्यालयानं 1994 साली निंबतेलाच्या बुरशीनाशक वापराचं पेटंट एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला मिळून दिलं होतं. वंदना शिवा आणि इतरांनी त्याला हरकत घेतली. प्रकरण चाललं. पुण्याच्या एका कंपनीचे अभय फडके साक्षीला म्युनिकला गेले आणि सांगितलं की हे आम्ही पेटंटच्या आधीच, ऐंशीच्या दशकात, महाराष्ट्रातल्या शेतांवर करून पाहिलेलं आहे. मे 2000 मध्ये पेटंट रद्द झालं. अपील झालं, तेही मार्च 2005 मध्ये फेटाळलं. "आपल्या माणसानं जाऊन सांगितलं, की हे तिकीट आधीच फाटलंय! बसा खाली!" आण्णा कट्ट्यावर हात आपटतात. पुण्याची मंडळी असली तर हे ऐकून ताठ बसतात. फडके पुण्याचे म्हटल्यावर निम्मं श्रेय आपलंच, असा भाव चेहऱ्यावर येतो. उठताना आण्णा शेवटचा पुरावा देतात. "2015 पासून सरकारसुद्धा देशातल्या समद्या युरियाला निंबतेल लावायलंय. मी एकटाच येडा नाही." हे शेवटचं वाक्य भाविकांना उद्देशून नसतं. आत काकू भांडी लावत असतात, त्यांच्यासाठी असतं.

आण्णांना विरोधक होता, समोरच्या घरातला पोरगा. शिकलेला, मोबाईलवरून सगळं मागवणारा. त्यानं एकदा कसलंसं जहाल औषध आणलं आणि भरदुपारी आपल्या वांग्यांवर मारलं. संध्याकाळपर्यंत पानं लख्ख. "आण्णा, बघा, एका दिवसात!" आण्णा गेले, पान उलटलं, भिंग लावलं. माव्याबरोबर ढालकिडेही मेले होते. लाल पाठीवर काळे ठिपके असणारे ते भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या मावा खाऊनच जगतात. आण्णा काही बोलले नाहीत. वहीत शेरा लिहिला: "समोरील वांगी. तपासनीसासह सर्व प्रवासी मयत." पंधरवड्यानंतर मावा परत आला, आधीपेक्षा दाट, आणि त्याला खाणारं आता कुणी उरलं नव्हतं. पोरगा रात्री, कुणी बघत नाही अशा वेळी, आण्णांच्या फाटकाशी आला. आण्णांनी "मी सांगत नव्हतो का" हे वाक्य गिळलं. गिळताना त्यांच्या गळ्याचा घाटा हललेला मी माझ्या खिडकीतून पाहिला. फक्त म्हणाले, "आधी पान उलट बे. मग मुंग्या बघ." मुंग्यांवर त्यांचा विशेष राग आहे. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो चाटतात आणि त्या बदल्यात त्यांचं रक्षण करतात. "त्या मुंग्या म्हंजे वडापवाले," आण्णा म्हणतात. एसटीच्या माणसाच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नाही.

एका बाबतीत मात्र आण्णा चेष्टा चालू देत नाहीत. गल्लीतल्या एका आजीबाई तान्ह्या नातवाला जंत झाले म्हणून वाटी घेऊन आल्या. "दोन थेंब द्या ओ आण्णा, कडू असतंय, पोट साफ होतंय." आण्णांचा आवाज एकदम स्टँडवरचा झाला. "पोटात द्यायचं नाही! लेकराला तर थेंबसुद्धा नाही. झटके येतात, जीव जातोय. दवाखान्यात न्या." आजीबाई रागावून गेल्या, त्यांच्या सासूनं सगळ्या मुलांना दिलं होतं म्हणे. त्या संध्याकाळी फवारणी झाली नाही. आण्णा त्यांच्या घरी जाऊन बसले आणि सून बाळाला घेऊन दवाखान्यात निघेपर्यंत उठले नाहीत. तेव्हापासून बाटली माळ्यावर, कुलपात. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी: "नैसर्गिक आहे. म्हणून पिऊ नये."

हे सगळं तेलानं होतं का, असा प्रश्न मला पडतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस येतो तेव्हा तेल त्याच्या मेणावरून घसरून जातं. आण्णा तासभर बसून ब्रशनं एकेक फांदी साबणाच्या पाण्यात घासतात आणि मग तेल मारतात. पावसानं फवारणी धुऊन जाते. ते पुन्हा मारतात. आठवड्यानं जोर ओसरतो. ते पुन्हा मारतात. थंडीत तेल बाटलीत गोठतं; ते बाटली उन्हात ठेवून स्वतः शेजारी बसतात. काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, "तेलानं काय होत नाही ओ. हे रोज उठून भिंग लावून टक लावतात, त्या किड्यांना कानकोंडं होतंय. कोण राहील?" काकू बोलतात ते निम्मं खरंच आहे. रोज पान उलटणाऱ्याला कीड एका पानावर असतानाच सापडते, आणि एका पानावरच्या किडीला पाच मिली पुष्कळ होतं. जो फांदी काळी पडल्यावर धावतो, त्याला दुकानातलं कुठलंच पीपीएम पुरत नाही. आमच्यातले बरेच जण दुसऱ्या जातीचे. म्हणून तर आण्णांची चेष्टा करत करत आम्ही सगळे आपली आजारी पानं कागदात गुंडाळून त्यांच्याकडंच नेतो.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची नात आली. तिनं लिंबाच्या पानावर एक अळी पाहिली, पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी, काळी-पांढरी. आण्णांनी पंपाला हात घातला, तेवढ्यात ती म्हणाली, "आजोबा, हिचं फुलपाखरू होतं. आमच्या पुस्तकात आहे." आण्णांना ते ठाऊक होतं, त्या अळीशी त्यांचं जुनं वैर. लिंबाचं कोवळं पान पान ती फस्त करते. त्यांनी नातीकडं पाहिलं, अळीकडं पाहिलं, पंप खाली ठेवला. वहीत नोंद झाली: "लिंबू. अळी 1. सवलतीचा पास." पासाची मुदत वाढत गेली. अळी हिरवी झाली, जाड झाली, एका अळीच्या पाच झाल्या, कारण नातीनं शेजारच्यांच्या लिंबावरच्याही आणून सोडल्या. आण्णा रोज संध्याकाळी लिंबाला वळसा घालून फवारायचे आणि त्या बाजूला थेंब उडू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरायचे. लिंबाचा खराटा झाला. काकू लोणच्याची बरणी धुऊन, पुसून, उन्हात वाळवून वाट बघत होत्या. त्यांनी झाडाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"पाच जणं फुकट गेली वाटतं गाडीतनं?"

"अगं, लेकरं हायत," आण्णा म्हणाले. "हाफ तिकीट."

"मग हाफ तिकिटाचे पैसे भरा," म्हणून काकूंनी त्यांच्या हातात पिशवी दिली, "आणि बाजारातनं लिंबं आणा. पन्नास. बघून आणा, उलटून."